सातपुड्याच्या कुशीतले बेडूक आणि भेक: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यावल तालुक्यातला. शाळेत विज्ञान शिकवतो आणि पावसाळ्याच्या रात्री पालच्या जंगलाकडे, सुकी नदीच्या काठाला, नाहीतर गावच्या पाझर तलावावर बेडूक बघत फिरतो. मुलं विचारतात, त्यांचे आईबाप विचारतात, केळीच्या बागेत भेटलेले बागाईतदार विचारतात. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एका जागी लिहून ठेवावेत असं वाटलं.

खानदेश म्हणजे ऊन, केळी आणि कापूस. इथे बेडकांचं काय एवढं बघण्यासारखं?

ऊन आहे म्हणूनच बघण्यासारखं आहे. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मैदानी भागात पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बेडकाची कातडी अशी की तिच्यातून पाणी जसं आत येतं तसंच बाहेरही जातं. तो आपल्यासारखा तोंडाने पाणी पीत नाही, ओल्या जागी बसून पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या कातडीने शोषून घेतो. असा ओल्या कातडीचा जीव आपल्या उन्हाळ्यातून जिवंत बाहेर येतो, आणि प्रत्येक जातीचा मार्ग वेगळा असतो, हे मला अजूनही थक्क करतं.

कोकणातला किंवा आंबोलीचा माणूस बेडूक शोधताना किती उंचीवर, कोणत्या झाडीत असं विचारतो. खानदेशात आधी एकच गोष्ट विचारायची: इथलं पाणी किती दिवस टिकतं? बारमाही डोह, दिवाळीपर्यंत टिकणारं तळं, महिनाभराचं डबकं आणि चार दिवसांचं गाडीच्या चाकोरीतलं पाणी, या चार ठिकाणचे रहिवासी वेगळे असतात. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवरच येऊन थांबतील.

बेडूक आणि भेक एकच ना?

ढोबळ मानाने सगळे बेडूकच, पण ओळख सोपी आहे. भेकाची कातडी कोरडी, खडबडीत, गाठी-गाठींची, पाय आखूड, लांब उडी मारण्यापेक्षा तो टुणटुण पुढे सरकतो. डोळ्यांच्या मागे दोन फुगीर ग्रंथी असतात. पाण्यापासून लांब, ओट्याखाली, दगडाच्या फटीत, दिव्याखाली किडे टिपत बसलेला दिसतो तो भेक. बेडकाची कातडी बहुधा ओलसर, गुळगुळीत आणि मागचे पाय लांब. अंडी दिसली तर शंकाच उरत नाही: भेकाची अंडी काळ्या मण्यांच्या लांबलचक माळेसारखी पाणवनस्पतींना गुंडाळलेली असतात, तर बहुतेक बेडकांची एकगठ्ठा नाहीतर पाण्यावर पसरलेली.

आपल्या भागात कोणकोणते दिसतात?

पाण्याच्या हिशोबानेच सांगतो.

बारमाही पाणी जिथे आहे, म्हणजे सुकी नदीवरचं गारबर्डी धरण, हतनूरचा फुगवटा, तोरणमाळचा यशवंत तलाव, जुन्या दगडी विहिरी, तिथे युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस. नाव लांबलचक, पण तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. काठावरून पाण्यात झेप घेतो आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून टपटप उड्या मारत पळतो, चपटा दगड भिरकावल्यावर पळतो तसा. नुसते डोळे वर काढून तरंगत राहतो. पाण्यात जवळपास वर्षभर दिसणारा हा एकटाच, कारण पाणी सोडायची त्याच्यावर वेळच येत नाही. विहीर आटली की मात्र याचे हाल होतात.

पावसाने भरलेली शेतं आणि चर हे बुलफ्रॉगचं राज्य. आपल्याकडचा हा सगळ्यात मोठा बेडूक, पंधरा सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो. एरवी हिरवट-तपकिरी, पाठीवर लांबट घड्या, मधोमध बहुधा एक फिकट रेघ. तोंडात मावेल ते खातो: किडे, खेकडे, उंदराची पिल्लं, दुसरे बेडूकसुद्धा.

त्याच शेतांच्या बांधावर, गवतात, बोटाच्या दोन पेरांएवढे मातकट बेडूक पायाखालून टणाटण उडतात, ते मिनर्वेरिया गटातले, ज्यांना क्रिकेट फ्रॉग म्हणतात. रातकिड्यासारखा किर्र आवाज. या गटातल्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखणं फार कठीण आहे. अभ्यासक आवाजाची नोंद आणि जनुकीय तपासणी दोन्ही करतात तेव्हा कुठे एकीची दुसरीपासून फोड होते. मुलांना मी ‘क्रिकेट फ्रॉग’ एवढंच लिहायला सांगतो; खोटं अचूक नाव लिहिण्यापेक्षा ते बरं.

डबक्यांचा खरा मालक मायक्रोहायला ऑर्नाटा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, तिकोनी अंग, टोकदार तोंड, पाठीवर गडद तपकिरी नक्षी. गाईच्या खुराच्या खळग्यात साठलेलं पाणीही त्याला चालतं. त्याचे टॅडपोल, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, काचेसारखे पारदर्शक असतात. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघा, आधी डोळेच दिसतात. मुंग्या आणि वाळवी हे त्याचं मुख्य खाणं.

जमिनीखाली राहणारे दोन गट आहेत आणि माझं सगळ्यात जास्त प्रेम त्यांच्यावर आहे. पहिला स्फेरोथेका: गुबगुबीत, मोठ्या डोळ्यांचा, मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कडक उंचवटा. माती भुसभुशीत असेल तर बघता बघता मागे मागे सरकत, गोल फिरत, जमिनीत उतरतो. शेवटी नुसते डोळे आणि मग तेही नाहीत. या गटात २०१७ मध्ये महाराष्ट्रातूनच स्फेरोथेका पश्चिमा ही नवी जात नोंदली गेली. वर्षानुवर्षं लोकांच्या शेतात असलेल्या बेडकाला इतक्या उशिरा स्वतःचं नाव मिळालं. दुसरा गट युपेरोडॉन, म्हणजे फुगा बेडूक. फुगवलेल्या फुग्याला चार आखूड पाय लावावेत असा दिसतो. वर्षातला बहुतेक काळ मातीत, वाळवी खात. पहिल्या दमदार पावसाला वर येतो, जोडीदार शोधतो, अंडी झाली की पुन्हा खाली.

झाडबेडूक म्हणजे पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस. बोटांच्या टोकांना चकत्या, सडपातळ अंग, रंग दिवसा फिकट आणि कधी गडद असा बदलणारा, मांडीच्या मागे पिवळे ठिपके. सागाच्या जंगलात, बांबूच्या बेटात, केळीच्या पोग्यात आणि तुमच्या न्हाणीघरात.

आणि सगळीकडे असतात ते भेक. डोक्यावर काळ्या कडा असलेला साधा भेक गावात, शहरात, जंगलात कुठेही. त्याच्यासारखाच, पण डोक्यावर कडा नसलेला आणि अंगावर संगमरवरी डाग असलेला दुसरा भेक, तो कोरड्या, रेताड भागात जास्त. तापीकाठच्या वाळवंटात रात्री बॅटरी मारली की हा दुसरा दिसण्याची आशा ठेवा.

उंचावर गेलं की जाती वाढतात का? तोरणमाळला शहाद्यापेक्षा जास्त असतील ना?

हा प्रश्न मोठा आहे, जरा सविस्तर सांगतो.

उष्ण कटिबंधातले डोंगर बेडकांच्या बाबतीत जगात सगळ्यात श्रीमंत. दक्षिण अमेरिकेतली अँडीज रांग असो की आपला पश्चिम घाट, एकाच डोंगरावर पायथ्याचे बेडूक वेगळे, मधल्या धुक्याच्या पट्ट्यातले वेगळे आणि माथ्यावरचे वेगळे. हजार मीटर चढलं की तापमान सुमारे सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. थंड देशातल्या प्राण्याला हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसायची सवय असते, त्यामुळे तेवढ्या फरकाने त्याचं काही बिघडत नाही. उष्ण कटिबंधातल्या दमट डोंगरावर मात्र वर्षभर हवा जवळजवळ सारखीच, म्हणून तिथला प्राणी त्या थोड्याशा तापमानालाच सरावलेला. त्याच्यासाठी पलीकडची दरी ओलांडणं म्हणजे परक्या देशात जाणं. अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मध्ये हे मांडलं: उष्ण कटिबंधातली खिंड प्राण्यांना जास्त उंच पडते. प्रत्येक शिखर असं एकेकटं पडलं की लाखो वर्षांत तिथले बेडूक वेगळे होत जातात. ज्या मधल्या उंचीवर धुकं अडतं आणि ओलावा टिकतो, तिथे बऱ्याच डोंगरांवर जाती सर्वांत जास्त आढळतात.

आता आपलं तोरणमाळ. सुमारे ११५० मीटर उंच, म्हणजे खालच्या मैदानातल्या शहाद्याहून पाच-सहा अंश गार. पाऊसही खालच्यापेक्षा जास्त. पण हा डोंगर वर्षभर सारखा राहत नाही. जानेवारीत पहाटे तिथे हुडहुडी भरते, एप्रिलमध्ये पठारावरचं गवत पिवळं पडून मोडतं. अशा डोंगरावर नाजूक, एकाच हवेला सरावलेला बेडूक टिकणं अवघड. जो जळगावच्या बसस्टँडजवळच्या दिव्याखाली बसतो तोच भेक तोरणमाळलाही भेटतो, कारण तो सगळं सोसणारा आहे. त्यामुळे तोरणमाळला जाल तर नव्या जातींपेक्षा एक वेगळी गोष्ट बघा: खाली डबकी सुकून गेलेली असतात तेव्हा वर, यशवंत तलावाच्या काठाला आणि सीताखाईच्या ओल्या कड्याच्या आसपास, बेडकांचा हंगाम अजून चालू असतो. उंचीने इथे मोसम लांबवलाय.

मग सह्याद्रीत एवढ्या जाती आणि सातपुड्यात त्या मानाने कमी, हे का?

ओलावा. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच्या आधी-नंतर धुकं असतं. पश्चिम घाटात उभयचरांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

त्या ओलाव्यामुळे तिथल्या बेडकांना अशा गोष्टी परवडतात ज्या इथे परवडणार नाहीत. राओर्चेस्टिस गटातले चिमुकले झुडपी बेडूक पाण्यात अंडीच घालत नाहीत. पानावर किंवा पालापाचोळ्यात अंडी, आणि त्यातून टॅडपोल न होता थेट इवलासा बेडूक बाहेर. याला कित्येक आठवडे न सुकणारी हवा लागते. आंबोलीचा भेक, ज्याचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं, जांभा दगडाच्या सड्यावर साचलेल्या बोटभर पाण्यात अंडी घालतो. पावसाची झड थांबली नाही तर ते पाणी पुन्हा भरत राहतं. महाबळेश्वर, माथेरानच्या ओढ्यांतला निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी देतो, पिल्लं फुटून थेट खालच्या वाहत्या पाण्यात टपकतात. केरळातला जांभळा बेडूक, २००३ मध्ये जगासमोर आलेला, तर वर्षातले थोडेच दिवस जमिनीवर येतो. आपला युपेरोडॉनही तसाच जमिनीत राहणारा, म्हणून जांभळ्या बेडकाबद्दल वाचलं की मला आपल्या बागेतला गुबगुबीत गोळाच आठवतो.

सातपुड्यातलं जंगल पानगळीचं: साग, सालई, अंजन, धावडा, मोह. फेब्रुवारीपासून पान झडतं आणि ऊन थेट जमिनीवर येतं. पालापाचोळा भरपूर, पण कुरकुरीत. इथला बेडूक अंड्यांसाठी पाणीच शोधणार आणि पिल्लं पाणी आटायच्या आत मोठी करणार.

एक सांगायलाच हवं. सह्याद्रीची सुरुवात तापीच्या दक्षिणेला, आपल्याच भागातून होते. नवापूर आणि साक्रीचा पश्चिम भाग हा त्या रांगेचा उत्तरेकडचा शेवट. तिकडची झाडी आणि पाऊस धुळ्याच्या मैदानापेक्षा वेगळे आहेत. खानदेशातल्या कॉलेजांमधल्या प्राणीशास्त्राच्या मुलांनी पावसाळ्यात तिथे दोन-चार रात्री काढाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आठ महिने हे जातात कुठे? पाऊस पडला की एका रात्रीत इतके कसे येतात, आभाळातून पडतात का?

‘इतला कथाइन उनात भो?’ (इतके आले कुठून भाऊ?) हा प्रश्न पहिल्या पावसानंतर हमखास येतो. ते आभाळातून पडत नाहीत, तुमच्या पायाखालीच असतात. स्फेरोथेका आणि युपेरोडॉन मातीत खोल ओल असेल तिथे. बुलफ्रॉग चिखल सुकण्याआधी त्यात घुसतो. भेक दगडांच्या फटीत, उंदराच्या बिळात, रचलेल्या लाकडांखाली. झाडबेडूक ढोलीत, सालीखाली, केळीच्या खोडाच्या सोपटांमध्ये. जमिनीत राहणारे बेडूक मूत्राशयात पाणी साठवून ठेवतात, हालचाल थांबवतात, श्वासोच्छ्वास मंद करतात. पावसाचा आवाज आणि मुरणारी ओल पोचली की निघतात. उन्हाळ्यात विहीर खणताना किंवा नांगरताना असा मातीने माखलेला गोळा निघाला तर त्याला मेलेला समजून फेकू नका. सावलीत, ओल्या भुसभुशीत मातीवर ठेवा. बहुधा तो स्वतःच खाली जातो.

जूनमध्ये पिवळेधमक बेडूक दिसले. विषारी आहेत का?

नाही. ते बुलफ्रॉगचे नर. विणीच्या हंगामात नराचं अंग लिंबासारखं पिवळं होतं आणि घशाजवळच्या दोन पिशव्या निळ्या. काही दिवसांत रंग पुन्हा मातकट. माद्यांसाठी चाललेली ही जाहिरात असते.

भेकाला हात लावला की चामखीळ येते, तो अंगावर मुतला की त्वचारोग होतो?

दोन्ही खोटं. चामखीळ विषाणूमुळे होते, भेकाच्या गाठींशी तिचा संबंध नाही. घाबरल्यावर तो पाणी सोडतो, कारण हलकं होऊन पळायचं असतं.

पण डोळ्यांमागच्या ग्रंथींमधून येणारा पांढरट चीक खराच विषारी असतो. कातडीवर काही होत नाही, डोळ्यांत किंवा तोंडात गेला तर जळजळ होते, म्हणून हात धुवा. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. ओल्या फडक्याने तोंड पुसा, पाण्याने धुवा आणि तो लडखडत असेल तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या; या विषाचा परिणाम हृदयावर होतो.

पाण्याच्या टाकीच्या काठावर साबणासारखा फेसाचा गोळा लटकलाय. काय आहे?

झाडबेडकाचं घरटं. मादी अंगातून निघालेला द्रव मागच्या पायांनी फेटून फेस करते आणि त्यात अंडी ठेवते. बाहेरून फेस जरा वाळतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात पडतात. जंगलात डोहावर झुकलेल्या फांदीला, गावात टाकीला, हौदाला, शेततळ्याच्या कडेच्या गवताला. पिण्याच्या टाकीवर असेल तर गोळा ज्यावर आहे त्या पानासकट किंवा पत्र्याच्या तुकड्यावर अलगद काढून जवळच्या साठलेल्या पाण्यावर टांगा. झाडू मारून पाडू नका, एवढंच मागणं.

न्हाणीघरात रोज एक बेडूक बसतो.

तोच झाडबेडूक. उन्हाळ्यात त्याला गावात तेवढीच एक ओली जागा सापडलेली असते. फिनाईल मात्र त्याच्या अंगावर पडू देऊ नका, त्याची कातडी सगळं शोषते. माझ्या आईने असा एक बेडूक सांभाळला होता. बादली ठेवण्याआधी ती त्याला ‘सरक रे बाबा’ म्हणायची आणि तो सरकायचा.

बेडूक ओरडले की पाऊस येतो हे खरं का? आणि धोंडीचं काय?

हवेतला ओलावा वाढला की काही बेडूक आधीच बोलायला लागतात, त्यामुळे म्हाताऱ्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. पण मोठा गलका पाऊस पडून पाणी साचल्यावरच. ओरडतात ते नर, मादीला जागा सांगण्यासाठी.

पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्याकडे धोंडी काढतात. अंगाला लिंबाचा पाला बांधलेला मुलगा, दारोदार अंगावर ओतलेलं पाणी, पदरात पडणारं धान्य. लहानपणी मीही पाला बांधून फिरलोय. ज्या गावांत त्यासोबत जिवंत बेडूक काठीला बांधतात तिथे मी हात जोडून सांगतो की तेवढं वगळा. भर उन्हात तास-दोन तासांत तो सुकून मरतो. पाला आणि पाणी असलं की धोंडीत काही कमी पडत नाही.

आवाजावरून ओळखता येतात का?

येतात, आणि रात्री तीच खरी पद्धत. बुलफ्रॉगचं ‘डराँव’ सगळ्यांना ठाऊक. भेकाचं लांबलचक, एकसुरी ‘कुर्रर्रर्र’. मायक्रोहायलाचं कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखं ‘क्रर्र, क्रर्र’, आणि एवढ्याशा जिवाचा एवढा मोठा आवाज ऐकून नवख्याला खरंच वाटत नाही. झाडबेडूक लाकडावर टकटक केल्यासारखा ‘टक्-टक्-टक्’. मोबाईलवर दोन मिनिटांचा आवाज साठवा, सोबत तारीख, वेळ, गाव आणि पाण्याचा प्रकार बोलून ठेवा. असल्या साध्या नोंदीही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात.

शेतात बेडूक हवेत की नकोत?

हवेत. पानं खाणारे किडे, तुडतुडे, वाळवी, डास, पतंग, सगळं त्यांच्या पोटात जातं. बुलफ्रॉगचे टॅडपोल मांसाहारी असतात, डासांच्या अळ्या खातात. इतर बहुतेक जातींचे टॅडपोल शेवाळ खरवडतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. कापसावर आणि केळीवर होणारी फवारणी याच डबक्यांत उतरते, आणि शेपटीवाल्या पिल्लांना ती सगळ्यात आधी लागते. फवारणीचा पंप ओढ्यात धुणं ही रावेर-यावल पट्ट्यात मी नेहमी पाहतो ती गोष्ट. पंप बांधावर, पाण्यापासून लांब धुवा.

शेततळ्यात बेडूक मेलेले सापडतात. पाणी खराब आहे का?

बहुतेक वेळा कारण सोपं असतं. प्लॅस्टिकच्या कागदाचे काठ उभे आणि गुळगुळीत असतात. बेडूक आत पडतो, पोहतो, चढू शकत नाही, दमून मरतो. साप, सरडे, खारीही तशाच जातात. दोन-तीन कोपऱ्यांत जुनी ठिबकची नळी, गोणपाट किंवा फांद्या बांधून पाण्यात सोडा. बुडालेलं टोक दगडाने दाबून ठेवा. खर्च काहीच नाही. आमच्या गावात आठ-दहा जणांनी हे केलं आणि आता ते पाहुण्यांना दाखवतात.

डासांसाठी गप्पी मासे सोडणार असाल तर टाकीत, हौदात सोडा. जंगलातल्या ओढ्यात, डोहात नको. ते अंडी आणि टॅडपोलही खातात.

नाला खोलीकरणाबद्दलही विचारतात. पाणी अडवायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण जेसीबीने दोन्ही काठ सरळ उभे कापले की उथळ, गवताळ किनारा जातो, आणि बेडकांची वीण नेमकी तिथेच होते. एका बाजूचा थोडा काठ उतरता ठेवायला सांगा.

रस्त्यावर इतके भेक चिरडलेले का असतात?

पहिल्या दोन-तीन पावसांच्या रात्री ते पाण्याकडे निघतात आणि गरम डांबरावर थांबतात. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपडा ते रावेर या पट्ट्यात, जिथे नाले रस्ता ओलांडतात तिथे, सकाळी बघवत नाही. त्या रात्री गाडी सावकाश चालवा.

परदेशात बुरशीने बेडूक मेले म्हणतात. आपल्याकडे भीती आहे का?

कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते आणि कातडीचं पाणी-क्षारांचं काम बंद पाडते. या बुरशीचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासाने तिच्यामुळे किमान ५०१ जाती घटल्या आणि ९० नाहीशा झाल्या असं दाखवलं. सर्वाधिक फटका मध्य-दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या गार, ओल्या डोंगरांना. या बुरशीला गारवा मानवतो, आपला उन्हाळा मानवत नाही. पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती सापडली आहे, पण तिकडच्यासारखी मर इथे दिसलेली नाही. तरी सह्याद्रीत फिरून आलात तर बूट धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच सातपुड्याच्या ओढ्यात उतरा. २०२३ च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. जंगल तुटणं आणि तापमानवाढ ही त्याची मोठी कारणं.

बेडूक पकडणं, विकणं चालतं का?

नाही. एकेकाळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशात मोठ्या प्रमाणावर जायच्या. त्यात मुख्यतः बुलफ्रॉगच मारला जायचा. १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. यावल, अनेर धरण, गौताळा औट्रमघाट या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय कुठलाही प्राणी उचलायचा नाही, अभ्यासासाठीसुद्धा.

देवगांडूळ बेडकाच्या जातकुळीतलं आहे हे खरं?

खरं. पाय नाहीत, गांडुळासारखं दिसतं, पण पाठीचा कणा आणि जबडा असलेला उभयचर आहे. ते मुख्यतः सह्याद्रीच्या ओल्या मातीतलं.

यंदा मुलांना घेऊन बघायला जायचंय. कसं जावं?

जंगलात नको, आधी गावाबाहेरचं डबकं. जिथे बेडूक तिथे साप, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे गमबूट सगळ्यांच्या पायात हवेतच. फुरसं आणि घोणस आपल्या भागात आहेत आणि मण्यार रात्रीच फिरते. दगड हाताने उलटू नका. डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने बेडूक धरू नका. खरं तर धरूच नका, बघा आणि ऐका.

जागा आदल्या दिवशी उजेडात ठरवून ठेवा. मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन पाणी साचलं की त्याच रात्री आठला तिथे पोचा, काठापासून दहा पावलांवर बसा आणि बॅटऱ्या विझवा. तुमच्या पावलांनी सगळे गप्प झालेले असतात. पाच मिनिटं, कधी दहा, काहीच ऐकू येत नाही आणि मुलं चुळबुळायला लागतात. मग गवतातून एखादं ‘क्रर्र’ येतं, ते मायक्रोहायलाचं. त्याला पलीकडून उत्तर मिळतं. मग भेक सुरू होतो, मग झाडावरून टकटक, आणि पाणी पुरेसं खोल असेल तर सगळ्यांच्या वर बुलफ्रॉग. तोवर बॅटरी पेटवू नका.